घरातून व्यवसाय: गोव्यात झोन किती पाहावा आणि घराचे कागद किती

फोंडा तालुक्यातील एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजेसासऱ्यांच्या काळचे जुने घर आहे. पती पुढच्या खोलीत बसून लोकांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम करतात. प्रश्न विचारणाऱ्या ताई मसाले व लोणची करतात आणि गणेशचवथीच्या दिवसांत नेवऱ्या, चकल्या यांच्या ऑर्डरी घेतात. मागणी वाढल्यामुळे परसात पत्र्याची शेड घालून मसाला कुटण्याचे यंत्र बसवावे आणि गावातल्या दोघीजणींना कामाला घ्यावे, असा त्यांचा विचार आहे. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या देवदर्शनाला येणाऱ्यांना राहायला द्याव्यात, असेही मनात आहे. दरम्यान शेजाऱ्यांनी पंचायतीत तोंडी तक्रार केली आणि सचिवांनी ‘आधी झोन’ म्हणजे जमिनीचा ठरवून दिलेला वापर ‘बघून या’ एवढेच सांगितले. आमचे घर सेटलमेंट म्हणजे वस्तीच्या झोनमध्ये असेल तर हे सगळे चालेल का, असा त्यांचा मुख्य प्रश्न आहे.

उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण यात एक नव्हे, चार व्यवसाय आहेत आणि कायदा त्या चौघांकडे चार वेगळ्या नजरांनी पाहतो. तरी इमारतींचे नकाशे आणि परवाने करून देण्याच्या कामात इतकी वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, गोव्यात घरगुती व्यवसायाला झोन क्वचितच आडवा येतो. आडवे येतात ते घराचे अर्धवट कागद आणि शेजारपाजाऱ्यांना होणारा त्रास. सचिवांनी झोन पाहायला सांगितले ते चुकीचे नाही, पण तिथेच थांबलात तर खरी अडचण नंतर, पैसे खर्च झाल्यावर उभी राहील.

तरीही सुरुवात झोनपासूनच करू. गोव्यातील जमिनीचा वापर १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली ठरतो. शहरे आणि त्यांच्या लगतचा जो भाग ‘नियोजन क्षेत्र’ म्हणून जाहीर झाला आहे, तिथे बाह्य विकास आराखडा म्हणजे ओडीपी लागू असतो आणि तिथला कारभार नियोजन व विकास प्राधिकरण पाहते. बाकीच्या गावांना प्रादेशिक आराखडा २०२१ लागू आहे आणि तिथे नगरनियोजन खात्याचे तालुका कार्यालय तांत्रिक मान्यता देते. नियोजन क्षेत्रांच्या सीमा अधिसूचनांनी वेळोवेळी बदलल्या असल्यामुळे, गावाच्या नावावरून अंदाज न बांधता आपला सर्वे नंबर आणि पोटविभाग देऊन खात्याकडून लेखी झोनिंग दाखला घ्यावा. दलालाच्या मोबाइलवर दिसणारा रंगीत नकाशा हा दाखला नव्हे. एकाच सर्वे नंबरचा पुढचा भाग सेटलमेंट आणि मागचा भाग ऑर्चर्ड म्हणजे बागायतीचा, असे फोंडा तालुक्यात सर्रास आढळते, आणि आपली शेड नेमकी मागच्या भागात येणार आहे. कुळागराला, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेला, लागून असलेल्या घरांच्या बाबतीत तर हा भेद कागदावर पाहिल्याशिवाय एकही खांब उभा करू नये.

सेटलमेंट म्हणजे वस्तीचा झोन. २०१० च्या भूविकास व इमारत बांधकाम विनियमांत वस्तीच्या झोनचे एस-१ ते एस-४ असे पोटप्रकार आहेत आणि व्यापारी, औद्योगिक, शेती असे झोन वेगळे आहेत. वस्तीच्या झोनमध्ये माणसे राहतात, आणि राहणाऱ्या माणसांना लागणारे व्यवहार त्या वस्तीत चालतात, हे नियोजनशास्त्रात गृहीतच धरलेले असते. म्हणून घरात बसून हिशेब लिहिणे, कपडे शिवणे, शिकवणी घेणे किंवा स्वयंपाकघरात लोणचे घालणे यासाठी कोणी झोन बदलून घ्यायला सांगत असेल, तर त्यांचे ऐकू नका. नियोजन कायद्यातली १७(२) आणि ३९-ए ही कलमे गोव्यात घरोघर चर्चेत आली खरी, पण ती जमिनीचा झोन बदलण्याविषयीची वादग्रस्त कलमे आहेत आणि मसाल्याच्या व्यवसायाचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही.

मग वस्तीतला घरगुती व्यवसाय नेमका कुठवर घरगुती राहतो? राष्ट्रीय इमारत संहितेत याचे जे वर्णन आहे, ते मला आजवर वाचलेल्यांत सर्वांत उपयोगी वाटते. त्यानुसार व्यवसाय त्या घरात राहणाऱ्या कुटुंबातील व्यक्तीनेच करायचा असतो आणि त्यासाठी पगारी माणसे ठेवायची नसतात. घराचा उपयोग राहण्याखेरीज अन्य कामासाठी होतो आहे असे बाहेरून दिसेल अशी पाटी किंवा मांडणी नसावी. घरात तयार झालेल्या वस्तूंखेरीज दुसरे काही विकू नये. घरात सर्वसाधारणपणे वापरतात त्याहून वेगळी यंत्रे नसावीत, वस्तू धोकादायक नसाव्यात, आणि लोकांना बसवून खाऊपिऊ घालण्याचा धंदा यात धरला जात नाही. ही संहिता म्हणजे गोव्याचा स्थानिक कायदा नव्हे आणि पंचायतीसमोर ती अंतिम शब्द म्हणून चालणार नाही. पण अधिकारी जागेवर येतात तेव्हा त्यांचे डोळे याच गोष्टी शोधत असतात. ताईंचा आजचा व्यवसाय या वर्णनात जवळपास पूर्ण बसतो. शेड, यंत्र आणि दोन कामगार या तिन्ही गोष्टी आल्या की तो त्यातून बाहेर पडतो. बाहेर पडला म्हणजे बेकायदा झाला असे नाही. जादा परवानग्यांशिवाय चालण्याची सवलत तेवढी संपते.

नियोजन कायद्यात ‘विकास’ या संज्ञेत बांधकामाबरोबरच इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरातील ठळक बदलही येतो, ही गोष्ट अनेक जण विसरतात. एकही वीट न रचता घराचे दुकान केले, तर नियोजन क्षेत्रात त्यासाठी ४४ व्या कलमाखाली परवानगी लागते. घराच्या एका कोपऱ्यात चाललेले काम हा ठळक बदल मानला जात नाही. पूर्ण तळमजला त्या कामाला दिला, स्वयंपाकघर माडीवर नेले, पुढचे दार काढून शटर बसवले, तर तो बदल मानला जाईल आणि मानलाच पाहिजे. यामधली रेषा फुटपट्टीने आखलेली नाही. पण घरातली माणसे संध्याकाळी त्याच जागेत जेवतात आणि झोपतात की नाही, हे पाहिले की बहुतेक प्रकरणांत उत्तर मिळते.

आता घराच्या कागदांकडे वळतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांचे काम इथेच अडते. पंचायतीत व्यापार परवान्याचा अर्ज दिला की पहिला प्रश्न येतो, घर कोणाच्या नावावर आहे? ताईंनी घरपट्टीची पावती पाठवली आहे आणि तिच्यावर आजेसासऱ्यांचे नाव आहे. घरपट्टी हा कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर कोणाचे नाव आहे, ते पाहा. आजेसासऱ्यांच्या निधनानंतर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याची कायदेशीर प्रक्रिया, झालेली नसेल, तर घर आजही सर्व वारसांचे सामाईक आहे. गोव्यात विवाहानंतर मालमत्ता सामान्यतः पती-पत्नींची समाईक होत असल्यामुळे मुंबईच्या काकांबरोबर काकूंची आणि पुण्याच्या आत्याबरोबर त्यांच्या यजमानांचीही संमती मागितली जाते. हे ऐकून लोक हताश होतात. मात्र परवान्यासाठी संमतीपत्र मिळवणे आणि घराची वाटणी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी दुसरे पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही. ‘अमुक खोलीत अमुक व्यवसाय चालवण्यास आमची हरकत नाही, यामुळे मालकी हक्कात कोणताही बदल होत नाही’ असे नोटरीसमोर केलेले साधे पत्र बहुतेक नातेवाईक देतात. दुसरे वाक्य नसेल तर देत नाहीत, असा अनुभव आहे.

फोंडा तालुक्यात आणखी एक गुंता असतो. घराखालची जमीन अनेकदा भाटकाराची म्हणजे जमीनमालकाची, देवस्थानाची किंवा कोमुनिदाद या गावसंस्थेची असते आणि घरातले कुटुंब मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे, म्हणून राहत असते. १९७५ च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिले आहे आणि घर व त्याभोवतालची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्कही दिला आहे. पण त्या संरक्षणाच्या मुळाशी ‘राहते घर’ ही कल्पना आहे. मामलेदारांकडे मुंडकार म्हणून नोंद झालेली नसताना परसात व्यापारी शेड उभी करणे म्हणजे भाटकाराच्या वकिलाच्या हातात आपणहून कोलीत देणे होय. अशा कुटुंबांना मी नेहमी सांगतो की आधी नोंद आणि खरेदीचा दाखला करून घ्या, यंत्राचे नंतर बघू. घर भाड्याचे असेल तर सावधगिरी आणखी हवी. राहण्यासाठी घेतलेली जागा दुसऱ्याच कामासाठी वापरली, तर १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली तेच घर खाली करून मागण्याचे कारण ठरू शकते.

जुन्या घरांना ऑक्युपन्सी म्हणजे वापर सुरू करण्याचा दाखला नसतो, सनदही नसते, आणि त्यामुळे आपले घर बेकायदा आहे की काय, अशी भीती लोकांना वाटते. जमीन महसूल संहिता १९६८ ची आहे आणि बिनशेती वापराची सनद तिच्या ३२ व्या कलमाखाली मिळते. त्याआधीपासून उभ्या असलेल्या घराला सनद कुठून असणार? अशा वेळी सर्वेक्षणाच्या नकाशाची प्रत काढावी. त्या नकाशावर घराची आकृती दिसत असेल, तर घर जुने असल्याचा तो भक्कम पुरावा असतो. एक गोष्ट मात्र बारकाईने पाहा. नकाशातली आकृती आणि आज उभे असलेले घर यांत फरक आहे का? मागची पडवी, न्हाणीघर, गाडीसाठी घातलेले छप्पर हे सगळे नंतरचे असते आणि तक्रारदार पहिले बोट नेमके त्याच्यावर ठेवतो.

यावरून शेडकडे येतो. पत्र्याची, चार लोखंडी खांबांची, तात्पुरती शेड आहे, तिला कशाला परवानगी, असे गवंडीही सांगतो आणि कधीकधी पंचही. पंचायत राज कायदा १९९४ च्या ६६ व्या कलमाखाली बांधकामाला पंचायतीची परवानगी लागते आणि त्याआधी नगरनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता लागते. शेड व्यापलेल्या क्षेत्रात मोजली जाते, आणि हद्दीपासून सोडायची जागाही तिला लागू होते. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने बेकायदा बांधकामांविषयी स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात कडक निर्देश दिले आणि स्थानिक अधिकाऱ्यांवर जबाबदारी टाकली. त्यानंतर कोणताही सचिव अशा शेडकडे कानाडोळा करील, अशी अपेक्षा ठेवू नये. शेड ऑर्चर्डच्या भागात येत असेल तर विषयच संपला. प्रादेशिक आराखड्यात बागायती जमीन पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील अशा दुसऱ्या गटात आणि भातशेती व खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली जमीन पहिल्या गटात धरली आहे. शेतीच्या झोनमधील फार्महाऊसची सवलत किमान ४,००० चौरस मीटर जमिनीला मिळते, आणि तीसुद्धा मसाल्याच्या कारखान्यासाठी नसते. जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल तर १९९१ चा जमीन वापर नियमन कायदा शेतीखेरीज इतर वापराला सरळ बंदीच घालतो. माझा सल्ला असा की शेडचा विचार सोडा आणि घराच्या मूळ आकृतीतली एखादी खोली, बहुधा जुनी कोठाराची खोली, या कामासाठी मोकळी करा. खर्चही कमी येतो आणि कागदही सुटसुटीत राहतात.

यंत्राचा प्रश्न आवाजाशी आणि विजेशी जोडलेला आहे. स्वयंपाकघरातला मिक्सर आणि मोटरवर चालणारी मसाल्याची चक्की यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१६ च्या वर्गीकरणात २० अश्वशक्तीपर्यंतच्या मोटरवर मसाला कुटणे हे हिरव्या म्हणजे कमी प्रदूषणाच्या वर्गात धरले होते. पांढऱ्या वर्गाला संमती लागत नाही, हिरव्याला लागते. म्हणजे गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करावा लागणार आणि यंत्र बसवण्यास पंचायतीची वेगळी परवानगीही घ्यावी लागणार. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. व्यापारी क्षेत्राला हेच आकडे ६५ आणि ५५ आहेत. चवथीच्या आदल्या आठवड्यात पहाटे पाचला चक्की लावायची असेल, तर शेजाऱ्याची तक्रार पूर्णपणे कायदेशीर ठरेल. मिरची कुटताना उडणाऱ्या खकाण्याचे तर काही विचारूच नका. आवाजापेक्षा तक्रारी त्याच्याच जास्त येतात, कारण मिरचीची धूळ शेजारच्या झोपाळ्यावरच्या म्हाताऱ्याला ठसका लावते आणि मग पंचायतीचा रस्ता त्यांना आपोआप सापडतो. सुरुवातीची दोनेक वर्षे भाजणी घरी करून कुटण्याचे काम परवाना असलेल्या गिरणीतून करून आणले, तर प्रदूषण मंडळ, यंत्राची परवानगी आणि शेजारी हे तिन्ही प्रश्न एकदम मिटतात. आपल्या मसाल्याची ख्याती भाजणीत आणि प्रमाणात असते, चक्कीत नव्हे, असे मला वाटते. पण त्यातले अधिक आपल्याला ठाऊक.

विजेबाबत बहुतेकांना वाटते की फार तर बिल थोडे वाढेल. घरगुती दराच्या जोडणीवर व्यापारी काम चालवल्याचे आढळले, तर वीज कायदा २००३ च्या १२६ व्या कलमाखाली ‘अनधिकृत वापर’ म्हणून आकारणी होते. ती लागू असलेल्या दराच्या दुप्पट असते. वापर कधीपासून सुरू झाला हे ठरवता आले नाही, तर तपासणीच्या आधीचे बारा महिने धरले जातात. ही रक्कम लहान व्यवसायाचा वर्षभराचा नफा खाऊन टाकते. म्हणून कामाच्या खोलीसाठी वेगळा मीटर मागावा आणि तेवढाच व्यापारी दरात ठेवावा. अख्खे घर व्यापारी दरात नेण्याची गरज नाही. गॅसचेही तसेच. घरगुती १४.२ किलोचे सिलिंडर विक्रीच्या पदार्थांसाठी वापरता येत नाहीत. १९ किलोचा व्यापारी सिलिंडर घ्यावा लागतो, आणि अन्न निरीक्षक स्वयंपाकघरात शिरताच ओट्याखाली डोकावतो ते याच्यासाठी.

अन्नपदार्थांसाठी नोंदणी अनिवार्य आहे, मग घर कुठल्याही झोनमध्ये असो. २०११ च्या मूळ विनियमांप्रमाणे वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असणाऱ्या लहान व्यावसायिकांना परवाना नव्हे, नोंदणी आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये असे ठरले होते. अर्ज ऑनलाइन होतो आणि गोव्यात तो अन्न व औषध प्रशासनाकडे जातो. नोंदणीचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. याशिवाय पंचायत व्यापार परवाना देण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला मागते. आरोग्य केंद्राचा माणूस सांडपाणी कुठे जाते ते पाहतो. लोणच्याचे तेलकट पाणी पावसाळी गटारात सोडलेले दिसले, तर दाखला मिळणार नाही. शोषखड्डा विहिरीपासून पुरेसा दूर आहे ना, हे त्याआधी आपणच पाहून घ्यावे.

पतींच्या कामाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. राहत्या घरातल्या एका खोलीत स्वतःच्या बुद्धीवर चालणारा व्यवसाय, नोकरवर्ग नाही, दिवसाला चार माणसे येतात-जातात, याला नियोजनाच्या दृष्टीने कोणी हरकत घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली केरळमधील एका प्रकरणात वकिलाचे कार्यालय हे तिथल्या दुकाने-आस्थापना कायद्याखालील व्यापारी आस्थापना नाही, असे म्हटले होते. त्या निर्णयाचा आधार हिशेबनिसाला जसाच्या तसा मिळेल, असे मात्र धरून चालू नये. उद्या मदतनीस ठेवला तर गोव्याच्या १९७३ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी करून टाकावी, ती काही अवघड नाही. ताईंच्या दोन मदतनीस बायकांनाही हेच लागू आहे. शिकवणी चालवणाऱ्यांनी कोचिंग क्लासेसच्या २००१ च्या कायद्याकडे आणि दवाखाना चालवणाऱ्यांनी जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांकडे स्वतंत्रपणे पाहावे. त्यांचा विषय इथे नको.

वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देणे हा मात्र सर्वस्वी वेगळा व्यवसाय आहे. गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा १९८२ चा आहे आणि पर्यटकांना पैसे घेऊन खोल्या देणाऱ्याने, दोनच खोल्या असल्या तरी, पर्यटन खात्याकडे नोंदणी केली पाहिजे. ‘आम्ही हॉटेल नाही, देवळाला येणाऱ्यांना ठेवून घेतो’ हा बचाव टिकत नाही. मोबाइलच्या अ‍ॅपवर खोलीचे छायाचित्र टाकले की तो आपल्याविरुद्धचा पुरावा तयार झाला असे समजावे. घर समुद्रकिनारी किंवा भरती-ओहोटीच्या नदीकाठी असते, तर किनारी नियमन क्षेत्राचा आणखी एक टप्पा आला असता. आपल्याला तो बहुधा लागणार नाही, पण बार्देश, पेडणे, सासष्टीतल्या वाचकांनी झोनिंग दाखल्याबरोबर तेही तपासावे. पणजीच्या फोंतेन्यासमधल्यासारख्या संवर्धन क्षेत्रातल्या घरांना दर्शनी भागात फेरफार करण्यापूर्वी वेगळी परवानगी लागते, हेही ओघाने सांगून ठेवतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा प्रश्न ताईंनी बहिणीसाठी ओझरता विचारला आहे. तिचा मडगावला फ्लॅट आहे आणि तिला ब्युटी पार्लर काढायचे आहे. फ्लॅटचा ऑक्युपन्सी दाखला ‘निवासी’ असतो. तिथे झोनपेक्षा सोसायटीची उपविधी आणि नगरपालिकेचा परवाना यांचे वजन अधिक. झोन कदाचित व्यापारी असेलही, म्हणून मंजूर नकाशातला निवासी फ्लॅट आपोआप व्यापारी होत नाही. नियमित गिऱ्हाईक, खुर्च्या, पाण्याचा वाढीव वापर आणि जिन्यातली वर्दळ असलेले पार्लर शेजाऱ्यांच्या संमतीशिवाय चालवणे व्यवहार्य नाही. तळमजल्यावरचा गाळा भाड्याने घेणे शेवटी स्वस्त पडते, असे तिला सांगा.

लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी झाली आहे, तिच्यावर घराचा पत्ता आहे, म्हणजे सरकारने परवानगी दिली, असा ताईंचा समज पत्रातून दिसतो. उद्यम ही मोफत, स्वतः दिलेल्या माहितीवर होणारी नोंदणी आहे. जीएसटी क्रमांकाचेही तसेच. कर भरणाऱ्याला क्रमांक मिळतो, जागेच्या वापराला मान्यता नव्हे. माल विकणाऱ्याला गोव्यात वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत ही नोंदणी सामान्यतः लागतही नाही. पंचायतीसमोर ही कागदपत्रे जोडायला हरकत नाही, पण त्यांच्या जोरावर वाद घालू नये.

आता तक्रारीचे काय करायचे ते सांगतो. तोंडी तक्रारीवर पंचायत फारसे काही करू शकत नाही, पण लेखी तक्रार आली तर जागेची पाहणी होईल आणि कारणे दाखवा नोटीस निघेल. तोपर्यंत थांबू नका. झोनिंग दाखला, सर्वेक्षण नकाशा, एक-चौदा, चालू वर्षाची घरपट्टी, सहमालकांची संमतीपत्रे आणि अन्न नोंदणी एवढे एकत्र करून व्यापार परवान्याचा अर्ज आत्ताच द्या. त्यात खोलीचे मोजमाप, कामाच्या वेळा, ‘यंत्र नाही’, ‘शेड नाही’, ‘कुटाई बाहेर’ हे स्पष्ट लिहा, कारण परवाना त्या वर्णनालाच मिळतो आणि पुढे कोणी तक्रार केली तर त्याच वर्णनाशी ताडून पाहिले जाते. अर्ज देण्याआधी एकदा शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांना नेमका त्रास कशाचा होतो ते विचारून या. टेम्पो त्यांच्या फाटकासमोर उभा राहतो एवढेच कारण निघाले, तर तो दुसरीकडे उभा करता येईल. नोटीस आलीच, तर तिच्यात दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या आणि उत्तराच्या प्रतीवर पंचायतीचा आवक शिक्का व तारीख घ्या. प्रकरण पंचायत उपसंचालकांपुढे गेले, तर तिथे पहिली चौकशी त्या तारखेची होते.